बाकावरची दुसरी जागा

त्या दुपारी बाबा काळ्या शर्टाला इस्त्री करत होते. ते नाइटक्लबात स्पॉटलाइट सांभाळायचे, आणि लोखंडी माळ्यावर अंधारात बसणाऱ्याने काळंच घालायचं असतं. आई होती तेव्हा म्हणायची, "जन्मभर काय उजेड पाडलात?" त्यावर बाबा म्हणायचे, "पगार त्याचाच मिळतो."

कॉलरवरून इस्त्री फिरवत त्यांनी विचारलं, "येतेस आज? वरचं बाक दोघांपुरतं आहे. एकट्याला करमत नाही."

"बघते," मी म्हणाले.

"तुझं 'बघते' मला पाठ आहे." ते हसले, थर्मासात चहा भरला आणि निघाले.

क्लब बंद होताना शेवटच्या गिऱ्हाइकाला उजेडाच्या गोलातून दारापर्यंत पोचवायची त्यांची रीत होती. त्या रात्री शेवटची मंडळी गेली, दाराला कडी लागली, तरी गोल दारावरून हलेना. तेव्हा कुणीतरी वर जाऊन पाहिलं. बाबा बाकावर बसल्या बसल्याच गेले होते.

पंधरवड्याने मी त्यांचा चष्मा आणि थर्मास आणायला गेले. मॅनेजर दाराबाहेरच थांबले.

"वस्तू वरच आहेत, ताई. तुम्हीच घ्या. आमचं कुणी चढायला तयार नाही."

"का?"

"दिवा खाली काढून ठेवलाय," ते म्हणाले. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

भरदुपारी आत एकच ट्यूब जळत होती. खिडकी नव्हतीच. फरशी चपलांना चिकटत होती, आणि शिळ्या दारूच्या वासावर फिनेलचा वास बसला होता. भिंतीशी बाबांचा दिवा आडवा ठेवलेला होता, वायर गुंडाळून त्याच्यावरच. काचेला हात लावला. थंड. बोटांना धूळ लागली.

मी वळले, तर पायांपाशी पांढरा गोल पडला होता.

एक पाऊल टाकलं. तोही सरकला. लहानपणी सुट्टीत बाबा मला दुपारी इथे आणायचे. या रिकाम्या फरशीवर मी वाट्टेल तशी पळायचे, पण गोलातून कधी निसटता आलं नाही. आताही तो तसाच अचूक होता. मी वर पाहिलं. माळ्यावर मिट्ट काळोख.

मी दाराकडे निघाले. गोल माझ्याबरोबर आला नाही.

तो माळ्याच्या शिडीकडे गेला. खालच्या पायरीवर जरा थांबला, परत माझ्या पायांशी आला, आणि पुन्हा शिडीकडे. सावकाश. मागे राहिलेल्या पोराला घ्यायला यावं तसा.

बाहेर मॅनेजर खोकले. आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

मग मला दिसलं, माझा हात शिडीच्या गजावर होता. इथवर मी कधी चालत आले, आठवेना.

वर थर्मासचं झाकण फिरलं. गरम चहाचा वास आला.

बाक करकरलं. कुणी कडेला सरकून शेजारी जागा करून द्यावी, तसं.

माझा एक पाय पायरीवर होता. दुसरा आपोआप उचलला जात होता. तोंडात तोच जुना शब्द आला, 'बघते'. तो मी गिळला.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "मी येणार नाही."