आठ कप गरम कॉफी

"शुक्रवारी एक टीम घरी पाठवायची आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "कोणती, ते तुम्ही सांगा."

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. पिशवी धरायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, ही दोन्ही कामं ते मन लावून करत.

दोन सॉफ्टवेअर कंपन्या एक झाल्या होत्या. चौघे इकडचे, चौघे तिकडचे, हॉल एकच. रोज दुपारी नवा प्रोग्राम बंद पडायचा. कोणीतरी मुद्दाम पाडत होतं.

बोलक्या टीमची प्रमुख ताडमाड उंच बाई होती. त्यांच्याकडे सगळं उभ्याउभ्या, मोठ्याने ठरायचं. कागदावर काही नाही.

"त्यांचंच काम हो हे," ती म्हणाली. "शेजारी बसून मेसेज करणारी माणसं. त्यांचा भाग आम्हाला कळत नाही, कारण ते सांगतच नाहीत."

लिहित्या टीमचा प्रमुख दाढीवाला. प्रश्न ऐकून त्याने फोनवर टाइप केलं. भाऊजींनी वाचलं, "त्यांचा भाग कुठे लिहिलेलाच नाही. आम्हाला कळणार कसा?"

"बिघाड कुठे असतो?" वहिनींनी विचारलं.

पुन्हा टाइप. "अर्धा आमच्यात, अर्धा त्यांच्यात. एकत्र बसल्याशिवाय सापडत नाही."

"दाढी आहे. हाच," भाऊजी कुजबुजले.

हॉलच्या मधोमध समन्वयकाचं टेबल होतं. दोन टीमचं जुळवून द्यायला ठेवलेला माणूस. तो बोलक्यांच्या घोळक्यामागे उभा राहून ऐकायचा, लिहित्यांचे सगळे मेसेज वाचायचा. त्याला कोणी काही विचारत नसे. टेबलावरचं झाडही प्लास्टिकचं होतं, त्यालाही काही लागत नसे.

"तुमचा संशय कोणावर?" वहिनींनी त्याला विचारलं.

"सगळी चांगली माणसं आहेत." तो थर्मासमधून कॉफी ओतत होता. आठ कप. "बसा ना थोडा वेळ."

"आम्ही दोघंच आहोत," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात प्रोग्राम बंद पडला. आठही जण स्टुलं ओढून टेबलाभोवती बसले, भांडले, कॉफी प्यायले. बिघाड सापडला. सगळे आपापल्या जागी गेले. समन्वयकाने कप गोळा केले.

वहिनींनी सगळ्यांना परत बोलावलं. मालकीणबाईही आल्या.

"असा बिघाड करायला दोन्ही भाग कळायला हवेत. या आठांना अर्धाच कळतो. दोन्हींकडचं ऐकणारा आणि वाचणारा इथे एकच आहे. भाऊजी, कॉफी कधी ओतली होती?"

"बिघाडाच्या आधी."

"ज्याच्याकडे दिवसभर कोणी फिरकत नाही, त्याने आठ कप भरून ठेवले. माणसं येणार हे त्याला माहीत होतं."

समन्वयक खाली बघत होता. "बंद पडलं की सगळे इथे बसतात. एरवी दिवसभरात माझ्याशी फक्त लिफ्ट बोलते. मजला सांगते." मग म्हणाला, "कोणालाही काढू नका. मला काढा."

"दोन्ही टीम राहतील," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सामान आवरा."

तो एकेक कप पुसू लागला. ताडमाड बाईने आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी लिहिली आणि दाढीवाल्यासमोर सरकवली. त्याने वाचली.

"चालेल," दाढीवाला म्हणाला. तोंडाने.

दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर जाऊन आले.

प्रोग्राम बंद पडला.

मालकीणबाईंनी समन्वयकाकडे पाहिलं. त्याच्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात फडकं.

"मग आता कोणी पाडला?" त्यांनी विचारलं.

"यांच्याशिवाय सापडणार नाही," ताडमाड बाई म्हणाली. दाढीवाल्याने मान हलवली आणि नववं स्टूल आणलं.

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. "बसा. आधी हे सुरू करा."

लिफ्टमध्ये भाऊजी म्हणाले, "या वेळी तरी दाढीवालाच ना, वहिनी?"

"एकट्याला जमणारं काम नाही ते, भाऊजी."

"तळमजला," लिफ्ट म्हणाली.

भाऊजींनी तिला थँक्यू म्हटलं.