पुंजाजीची दाढी

दोन हजार चोवीसचा डिसेंबर, अठरा तारीख, बुधवार. रात्रीचे आठ वाजले असतील. मलकापूरच्या बाजारात मले दीपक एका दुकानावर दिसला. दाढीचा साबण घेऊन राह्यला होता. मी म्हटलं, बाप घरी मरून पडला अन् तू साबण काय घेतो बे? तं तो तिथंच रडला. पुढचं त्यानंच मले सांगितलं. तेव्हा दात काढू नका, गुमान ऐका.

त्याचा बाप पुंजाजी रेल्वेतला. चाळीस वर्षं रोज सकाळी उघड्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी स्वतः करे. न्हाव्याचा हात कधी गालाले लागू दिला नाही. पोराले म्हणे, शिकून घे. पोरगा म्हणे, माह्याजवळ मशीन आहे. मंग दवाखान्यात दहा दिवस काढले, दाढी वाढली, अन् जाताना म्हातारा एकच बोलला, "मले असा नेऊ नको. माह्या वस्तऱ्यानं तूच कर."

दीपकनं शब्द दिला. बहीण सकाळच्या गाडीनं सुरतेहून येणार, सातले उचलायचं. तेवढीच रात्र होती त्याच्याजवळ.

बाहेरच्या खोलीत बाप, उशाशी दिवा. बाया आत. आत्या झुंबरबाईनं बजावलं होतं, मेलेल्याजवळ रात्रीतून काही मागू नको, तो देऊन बसते.

धार लावायले गेला तं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर उलटा ओढला. पट्टाच कापला. आधी स्वतःच्या गालावर करून पाह्यलं, तिथं रक्त. मंग बापाच्या गालावर. कातडं कसं ताणायचं तेच कळेना. वस्तरा तिरपा जाये. बापाले कापलं, पण रक्त आलं नाही. ते पाहून तो पार खचला. साडेबाराले कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, मले एकदा शिकवा ना."

मागितलं त्यानं.

डाव्या हातानं आपसूक कातडं ताणलं. वस्तरा बरोबर आडवा बसला. फेस वर्तमानपत्राच्या पानावर पुसत पुसत दीडपर्यंत दाढी साफ झाली. तो हात धुवून आला...

गाल पुन्हा दाढीनं भरलेले.

पुन्हा फेस लावला. दुसरं पान घेतलं. तीन वाजता झाली. पाठ फिरवली...

पुन्हा.

"बाबा, पुरे. आता येते मले."

दिवा जळत होता.

तिसरं पान. रडे, अन् करे. ओरखडा मात्र एकही नाही. साडेचार. पुन्हा वाढली. चौथं पान. स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला. बहीण आली. शेवटचा हात हनुवटीखालून फिरवला. थांबला. पाहत बसला...

नाही वाढली.

सातले आम्ही उचलला. खांदा मीही दिला. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम साफ होता.

दुपारी झुंबरबाई ती पानं जाळायले निघाली, अन् तिनं मले हाक मारली. चारही पानं एकाखाली एक ठेवलेली. पहिल्यावर पांढरे केस. दुसऱ्यावर पांढरे-काळे. तिसऱ्यावर काळे, राठ.

चौथ्यावर नुसती लव होती... पंधरा-सोळाच्या पोराले पहिल्यांदा फुटते, तशी.