जोडीचा गोळा

गल्लीत तिला सगळे झुंबरवाली म्हणत. जुनी झुंबरं उतरवायची, एकेक लोलक धुवायचा, तुटकं बदलायचं आणि सगळं जसंच्या तसं टांगायचं, हा तिचा धंदा. नाटकगृहाची ही जोडी फ्रेंच होती, दीडशे वर्षांची. प्रत्येकाच्या तळाशी काचेचा एक पोकळ गोळा, आणि त्यातला एक तडकलेला.

"मी फुंकतो नवा," बाबा म्हणाले. उभा जन्म काच फुंकण्यात गेलेला माणूस. डॉक्टरांनी नळीला तोंड लावायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण बाबा ऐकतील तर शपथ! गोळा असा उतरला, की जुन्याशेजारी ठेवल्यावर तिलाही ओळखू येईना. तिने नव्यावर खडूने खूण केली.

बाबांचा एक नेम होता. नवा गोळा दिवसभर उघड्या तोंडाने वाळूत ठेवायचा. आतला श्वास निघून गेला की मगच प्लास्टरने बुजवायचा. ती याला म्हातारपणचं खूळ म्हणायची. नाटकगृहाचा माणूस घाई करत होता. भट्टीतून गार होऊन निघाल्या निघाल्या तिने गोळा बुजवला. जोड एकसारखी दिसावी म्हणून जुन्याच्या पिवळ्या प्लास्टरवरही नव्याचा हात फिरवला.

त्याच दुपारी बाबांना धाप लागली. डॉक्टर येऊन गेले, औषध झालं, उतार पडेना.

सकाळी दोन्ही गोळ्यांवर वाफ धरली होती. तिने ओल्या फडक्याने पुसली. हटेना. वाफ आतून होती. प्लास्टरची ओल असेल, तिने मनाची समजूत घातली. तेवढ्यात वाफ विरली आणि परत आली.

आतला श्वास! तिने नव्या गोळ्यावरची खूण शोधली. फडक्याने खडूची खूणही पुसली गेली होती.

"बाबा, तुमचा कोणता?"

खाटेवरून बाबांनी बोट उचललं. ते दोन्ही गोळ्यांच्या मधेच घुटमळत राहिलं.

एका गोळ्यातली वाफ भरदार, संथ होती. दुसऱ्यातली अगदी पुसट. दीडशे वर्षांत विरत आलेला श्वास असाच असणार. आणि बाबांची फुंकर तर तिला लहानपणापासून माहीत होती.

तिने भरदार वाफेचा गोळा घेतला. पटाशीने प्लास्टर उकरलं.

बारीकसा आवाज झाला. बाबांनी खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर रंग आला. तिला रडूच फुटलं.

"बरं वाटतंय ना? चहा ठेवू?"

ते उठून बसले. पाहुण्यासारखी खोली न्याहाळली. मग बाबांच्याच आवाजात, अदबीने, तिला एक शब्दही न कळणाऱ्या भाषेत काहीतरी विचारलं आणि ते उत्तराची वाट पाहत राहिले.

ती टेबलाकडे वळली. दुसऱ्या गोळ्यात वाफेचा पुसटसा डाग उमटला. विरला.

ती पुढच्याची वाट पाहत उभी राहिली.