इटालियन कैद्याची कोठडी

ही घटना खरी आहे. पटली नाही तरी चालेल, पण मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

१९७७ चा मे महिना. भर दुपार. देवळालीच्या पुढचा एक माळ. गावाचं नाव लिहीत नाही.

महायुद्धात तिथं कैद्यांची छावणी होती. इटलीचे गोरे कैदी. माझे वडील सावळीराम, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिथं झाडूकामाला होते.

छावणी केव्हाच उठली होती. पडक्या बराकी राहिल्या होत्या. घरावर घालायला कौलं हवीत म्हणून आबा आणि मी गेलो. मी बावीस वर्षांचा.

कौलं उतरवताना जाणवलं... मघापासून घुमणारे होले गप्प झालेत. वाराही नाही.

आणि कडेच्या कोठडीतून आवाज आला.

टण्... टण्...

गजावर पत्र्याचा मग आपटावा तसा.

मी डोकावलो. कोठडी रिकामी. खिडकीला गजच नव्हते. लोकांनी कधीच उपटून नेले होते.

टण्... टण्...

आबांनी हातातलं कौल खाली ठेवलं.

मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं. गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. इथला एक कैदी घ्यायचा. आबांच्या मडक्याला तोंड लावून प्यायचा. एकदा तो पळाला, सापडला. शिक्षा म्हणून त्याला या कोठडीत कोंडलं, पाणी तोडलं. असंच ऊन होतं. तो गजावर पत्र्याचा मग आपटत राहिला. आबा भरलं मडकं घेऊन तीनदा समोरून गेले. नोकरी जाईल म्हणून थांबले नाहीत.

"सांजच्याला त्याचं मढं मीच भाईर काढलं," आबा म्हणाले. "व्हट पार फाटले व्हते."

त्यांनी आमची प्यायच्या पाण्याची कळशी उचलली आणि आत गेले.

टणटण थांबली.

आतून पाणी पिण्याचा आवाज आला... घटाघटा...

आबा कळशी पुढं धरून उभे होते. तोंड माझ्याकडं वळवलेलं. ते पीत नव्हते.

"नाथा," ते हळूच म्हणाले, "इकडं ये. हात दे मला."

मी गेलो नाही.

पळालो. थेट सडकेपर्यंत.

आबा दिवस मावळताना एकटेच चालत घरी आले. आईला म्हणाले, पोराला ऊन लागलं, म्हणून पुढं पाठवला. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

१९८४ ला ते गेले. त्यांनी हात का मागितला, आत त्यांना काय दिसत होतं, हे मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही.

विचारायचं तर आधी त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.