गौतमीच्या घरचं विरजण

चंद्रावरच्या पळसवस्तीत राहायला येऊन ऋजुताला बरेच महिने झाले होते, पण एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. शेजारच्या गौतमीला तिने काय काय दिलं नव्हतं! रंगपेटी दिली, लाडू दिले, स्वतःचा आवडता लाल स्कार्फसुद्धा देऊन टाकला. गौतमी दर वेळी 'थँक्यू' म्हणायची आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या घरून तेवढ्याच तोलाची वस्तू यायची. झाली फिटंफाट! मैत्रीचं घोडं मात्र जागचं हलत नव्हतं.

शेवटी ऋजुताने ठरवून टाकलं. रविवारी तन्वीआजीचं यान परत जाणार होतं, त्यातून आपणही कोल्हापूरला जायचं. आईबाबांनी जड मनाने होकार दिला होता आणि तिची बॅग भरून दाराशी तयार होती.

तन्वीआजी म्हणजे बाबांची आत्या. ती समाजमानसशास्त्रज्ञ (माणसं एकमेकांशी कशी आणि का वागतात, याचा अभ्यास करणारी) होती. वस्तीतली माणसं पाहायला ती आली आणि पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाली, "इथे कुणाचं कुणावाचून अडतच नाही!" ते खरंच होतं. घरोघरी यंत्रमानव होते, मागाल ते हजर करायचे. ऋजुताच्या घरच्या यंत्रमानवाचं नाव खंडू.

शुक्रवारी जेवताना आजीला घरच्या दह्याच्या ताकाची हुक्की आली. खंडूने लगेच दह्याचा डबा पुढे केला.

"हे नको रे. यातले जिवाणू (दुधाचं दही करणारे सूक्ष्म जीव) मेलेले आहेत. याने दही लागायचं नाही. ऋजू, गौतमीकडे पृथ्वीवरून आणलेलं विरजण आहे म्हणे. चमचाभर मागून आण."

"मागू? आजी, ती आधीच माझ्याशी धड बोलत नाही!"

"माग तर खरं. आणि रिकाम्या हाताने जा. बदल्यात काही द्यायची घाई नको."

ऋजुता गेली. "गौतमी, चमचाभर विरजण देशील? आमच्याकडे नाहीये. आणि... मला दही लावताही येत नाही."

गौतमी वाटी आणता आणता भराभरा बोलू लागली. "दूध कोमट हवं हं. बोट घालून बघ. आणि एकदा लावलं की अजिबात हलवायचं नाही."

संध्याकाळी गौतमी स्वतःच दारात हजर. "लागलं का गं दही?"

कसलं लागतंय! खंडू बिचारा काळजीपोटी दर थोड्या वेळाने भांडं उचलून हलवून बघत होता.

"अरे कर्मा! याला आधी बाहेर काढ," म्हणत गौतमी घरी पळाली आणि उरलंसुरलं विरजण घेऊन आली. तिने पुन्हा दही लावलं. मग गळ्यातला लाल स्कार्फ सोडून तो भांड्याभोवती गुंडाळला आणि दोघी खंडूवर पहारा देत जेवणाच्या वेळेपर्यंत गप्पा मारत बसल्या.

ती गेल्यावर ऋजुता म्हणाली, "आजी, हे उलटंच झालं! एवढं दिलं तेव्हा आली नाही, आणि मागितलं तर आली?"

"आपल्याला कुणी आवडलं की आपण त्याला मदत करतो, हे तुला माहीत आहे. पण ही गाडी उलट दिशेनेही धावते. आधी मदत होते, मग मन स्वतःलाच विचारतं, 'मी हिच्यासाठी एवढी धावपळ का करतेय?' बदल्यात काही मिळालं असतं, तर मन म्हणालं असतं, 'त्यासाठी.' पण काही मिळालं नाही, कुणी जबरदस्तीही केली नाही. मग मन म्हणतं, 'म्हणजे ही मला आवडत असणार.' शिवाय तू मागितलंस, म्हणजे तिला जाणकार मानलंस. तेही सुखावतंच ना?"

"मग सगळ्यांकडे मागतच सुटू?"

"छे! ऊठसूट मागणाऱ्याला बघून लोक दाराला कडी लावतात. थोडंसं मागावं, खरंच हवं असेल तेच मागावं, आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्यावी. तरी दर वेळी जमेलच असं नाही. माणसं म्हणजे काही खंडू नव्हेत."

ऋजुताचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण गौतमीला फसवलं?"

आजीने तिला जवळ घेतलं. "मला ताक हवं होतं हे खरं. पण पोटात दुसराही हेतू होता. तिला सांगून टाक."

शनिवारी घट्ट दही लागलं. ते बघायला आलेल्या गौतमीला ऋजुताने सगळं सांगितलं.

"म्हणजे मी तुमचा प्रयोग?" गौतमीचे गाल फुगले.

"मला मैत्रीण हवी होती गं," ऋजुता कसंबसं म्हणाली. गौतमी तडक निघून गेली. त्या दिवशी केलेलं ताक ऋजुताने तोंडालाही लावलं नाही.

रविवारी खंडूने बॅग उचलली, तेवढ्यात दार वाजलं. दारात गौतमी होती आणि तिच्या हातात रिकामी वाटी होती.

"विरजण देतेस? माझं होतं नव्हतं ते सगळं तुलाच दिलं." मग आजीकडे बघत ती म्हणाली, "आणि मी आधीच सांगते, माझ्याही पोटात दुसरा हेतू आहे."

ऋजुताने दोन चमचे जास्तच घातले. "लावलं की हलवू नकोस हं," ती म्हणाली आणि खंडूच्या हातातून बॅग काढून घेतली.

दुपारी यान निघालं तेव्हा आजीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मंगळावरच्या नव्या वस्तीचा आराखडा करणाऱ्यांना ती जाऊन सांगणार होती, की बाबांनो, प्रत्येक घरात एक तरी गोष्ट कमी ठेवा.