लीलाबाई गाडीत बसल्या तेव्हा

ताटली खणखणली.

दुपारच्या त्या वेळी घरात दुसरा आवाज नव्हता. पौर्णिमा फोनचा आवाज बंद करून तो स्टीलच्या ताटलीत ठेवायची. थरथरला की ताटली ओट्यावर वाजायची. तिला कळायचं, आणि आत निजलेली अवनी उठायची नाही. पाच वर्षांची पोर झोपायची तो दीड तास म्हणजे पौर्णिमाचं ऑफिस. अमरावतीच्या साईनगरातल्या या स्वयंपाकघरात बसून ती मुंबईतल्या गाड्या ठरवायची. क्रूझ फिरून आलेल्या वऱ्हाडातल्या माणसांना बंदरावरून उचलायचं आणि विमानतळाच्या दारात सोडायचं, एवढंच काम.

"माही आई कुठं आहे?"

नमस्कार नाही, नाव नाही. पण आवाज ओळखीचा होता. अकोल्याचे विपुल गावंडे. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी दोघांना चार दिवस क्रूझवर धाडलं होतं. बोट आज सकाळीच मुंबईला लागली होती.

"काय झालं, भाऊ?"

"बाबांचा फोन आला विमानतळावरून. तुमच्या गाडीनं दोघांले उतरवलं आन् निंगून गेली. बाबा सामानाची ट्रॉली आणाले गेले, वापस येऊन पायतात त आई नाई! तीन तास झाले, ताई. तुमी म्हणल्या होत्या ना, गाडीवाला हाताले धरून दारापर्यंत नेईन?"

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत म्हणाली होती.

तिने फोन ठेवला. महिन्यापूर्वी कागदपत्रं न्यायला ती दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावी गेली होती, तो दिवस जसाच्या तसा समोर आला. लीलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दाणे जमिनीवर आणि सालं टोपल्यात टाकत होत्या. खुशालराव काही न बोलता खाली बसले आणि दाणे वेचून टोपल्यात भरू लागले. "दीड वर्स झालं असंच चालू आहे," ते म्हणाले. "परवा वयनीचं घर समजून दुसऱ्याच्याच सैपाकघरात जाऊन बसली."

पौर्णिमाचा एक नेम होता. ड्रायव्हरने आधी नाव घ्यायचं नाही, 'कोणाची गाडी?' एवढंच विचारायचं, आणि नाव प्रवाशाने सांगायचं. नाहीतर घाईत कोणीही 'हाव' म्हणून बसून जातो. तिने तो लीलाबाईंनाही समजावला होता.

"काकू, गाडीवाला विचारेल, कोणाची गाडी? तेव्हा काकाजींचं नाव सांगायचं बरं का."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. नव्या नवरीसारख्या हसल्या होत्या. "अव माय! मी नाई घेत बाई त्याईचं नाव. सांगतील ना तेच."

आणि मग पौर्णिमाचा हात धरून, डोळ्यांत बघत, "मले सोडून त नाई ना जाणार तो गाडीवाला?"

"नाही काकू. मी आहे ना."

मी आहे ना. मग तिने प्रीतमला फोन लावला.

प्रीतम मूळचा धामणगाव रेल्वेचा, पंधरा वर्षं मुंबईत गाडी चालवणारा. म्हाताऱ्या माणसांना आपली बोली बोलणारं कोणीतरी भेटावं म्हणून पौर्णिमा असेच ड्रायव्हर शोधायची.

"ताई, मले पोलिसांनी बोलावलं आहे," तो घाबरलेला होता. "म्या काय केलं? म्या त दोघांलेई सुखरूप उतरवलं."

"पहिल्यापासून सांग. बंदरावर कोण आधी भेटलं?"

"बाई. काकाजी मागं होते, बॅग घेऊन."

"तू काय विचारलंस?"

"तुमी सांगतलं तेच. कोणाची गाडी? बाई म्हणल्या, खुशालराव गावंडेंची. मंग दरवाजा उघडला."

"बॅगा किती होत्या?"

"एकच."

"एकच? मी दोन मोठ्या लिहिल्या होत्या."

"एकच होती, ताई."

"आणि काकूंचे गुडघे दुखतात म्हणून मी बुटकी गाडी सांगितली होती."

प्रीतम ओशाळून म्हणाला, "ते चुकलं माह्यं. बुटकी गॅरेजले होती, मोठी आणली. पाय ठेवाले पाट पण आणला होता संग. पण लागलाच नाई. टपकन चढल्या."

"वाटेत काय बोलल्या?"

"काईच नाई. म्या म्हणलं, आपल्याकडची माणसं आहेत, थोड्या गप्पा मारू. पण तोंडाले रुमाल, डोक्यावर पदर, खिडकीबाहेर पाहत बसल्या. काकाजी त पूर्ण रस्ताभर डोळे मिटून होते."

"विमानतळावर उतरवल्यावर तू लगेच निघालास?"

"लगेच कसा निंघीन? ट्रॉली आणली, बॅग ठेवली, दारापर्यंत संग गेलो. काकाजी म्हणले, जा आता तू. हातात हात घेऊन म्हणले, तुह्यावर काई नाई येणार. मले तवा समजलं नाई, असं काहून म्हणले."

"ट्रॉली तू आणलीस? नक्की?"

"आईची आण."

आतून अवनीने हाक मारली. पौर्णिमा तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली. कोणीतरी खोटं बोलत होतं. प्रीतमने ट्रॉली आणली असेल, तर खुशालराव ती आणायला कशाला गेले? आणि प्रीतम खोटं बोलत असेल, तर म्हातारी कुठे?

संध्याकाळी विपुलचा पुन्हा फोन आला. आवाज बसला होता. "माधवी ताई ठाण्याहून पोचली विमानतळावर. थेच शोधून राहिली. बाबांचं बीपी वाढलं म्हणून तिनं त्याईले नागपूरच्या विमानात बसवून देल्लं. पोलीस म्हणतात, कॅमेऱ्यात आई दिसते. हिरवी साडी, डोक्यावर पदर. एकटीच रस्त्याकडे चालत गेली. पुढं गर्दीत दिसत नाई."

"चालत गेली? कशी चालत होती, भाऊ?"

"कशी म्हणजे काय? मी इथं मरून राहिलो आन् तुमी..." फोन बंद झाला.

माधवी ही विपुलची थोरली बहीण, ठाण्याला दिलेली. तिचा नंबर पौर्णिमाच्या यादीत होता, अडीनडीसाठी लिहून घेतलेला. तिने तो उघडला आणि तसाच ठेवला. काय विचारायचं तेच ठरत नव्हतं.

नवऱ्याला सांगावं म्हणून तिने धारणीला फोन लावला. तो तिकडे शाळेत मास्तर, शनिवारी घरी यायचा. मेळघाटात रेंज येई-जाई. तुटक तुटक आवाज आला, आणि ती ओरडली, "ईशान! ईशान, ऐकू येतंय का?"

आणि एकदम थांबली.

"हां, बोल ना," पलीकडून ईशान म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही. उद्या अवनीला घेऊन मी अकोल्याला जाते."

सकाळच्या एसटीने त्या दोघी निघाल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत अवनीने पंधरा प्रश्न विचारले, पौर्णिमाने पंधराही उत्तरं दिली. जठारपेठेतल्या विपुलच्या घरी ती पोचली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. नातेवाईक एकेक करून परतत होते. आत खुशालराव खुर्चीत बसले होते, त्र्याहत्तर वर्षांचे, ताठ. समोरचा चहा गार झाला होता. विपुलच्या फोनवर ठाण्याहून माधवी बोलत होती.

पौर्णिमाला पाहून विपुल उसळला. "आता काहून आल्या तुमी?"

"काकाजींना सगळं विचारायला." तिने अवनीला दिवाणावर बसवलं. "फोन चालू राहू द्या, भाऊ. माधवीताईंनीही ऐकावं. काकाजी, गाडीत आधी कोण बसलं?"

"ती बसली. मंग मी."

"पाय कुठे ठेवून चढल्या?"

"कुठं म्हणजे? गाडीतच चढली."

"गाडी उंच होती. काकूंना ओसरीची पायरी दोघांच्या आधाराशिवाय चढता येत नाही, मी पाहिलंय. पाट तसाच पडून राहिला."

खुशालरावांनी मान वळवली.

"ट्रॉली कोणी आणली?"

"मी."

"प्रीतमने आणली, काकाजी. बॅग ठेवली, तुम्हाला दारापर्यंत सोडलं. मग तुम्ही दुसरी ट्रॉली आणायला गेलात ती कशासाठी? बॅग तर एकच होती. काकूंची बॅग कुठे होती?"

विपुल कधी बापाकडे, कधी तिच्याकडे पाहत होता. "ताई, तुमी म्हणून काय राहिल्या?"

"तरीही मी म्हटलं असतं, ड्रायव्हर लपवतोय. मी त्याला वीस वेळा विचारलं. पण एक गोष्ट त्याने सहज सांगितली, तिला काही अर्थ आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. 'कोणाची गाडी?' असं त्याने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, खुशालराव गावंडेंची."

ती विपुलकडे वळली.

"विपुलभाऊ, तुमच्या आईने तुमच्या बाबांचं नाव कधी घेतलंय?"

विपुल हळूच म्हणाला, "उखाण्यातई नाई घ्यायची. लाजायची."

"गाव विसरल्या, नात्यांची घरं विसरल्या, पण महिन्यापूर्वी ते नाव घ्यायला मी सांगितलं तर पदर तोंडाला लावला त्यांनी. माझ्यासारखी बाई नवऱ्याला नावानं हाक मारते, त्यामुळे मला ते आधी खटकलंच नाही. काकूंच्या तोंडून ते नाव निघणार नाही. मग ते सहज कोणाच्या तोंडी येईल? ज्या बाईला शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर ते लिहावं लागलं, तिच्या. लेकीच्या." तिने फोनकडे पाहिलं. "त्या गाडीत लीलाबाई बसल्याच नाहीत. त्यांची साडी नेसून तुम्ही बसलात, माधवीताई. विमानतळावर उतरलात, कॅमेऱ्यापुढून एकट्या चालत गेलात, कुठेतरी साडी बदललीत आणि काही वेळाने मुलगी म्हणून शोधायला परत आलात. सगळ्यांनी विमानतळ धुंडाळला. काकू तिकडे आल्याच नव्हत्या. बंदरावर अजून एक गाडी उभी असणार, तुम्ही ठरवलेली. काकू आणि त्यांची बॅग त्या गाडीत गेल्या. कुठे, ते मला माहीत नाही. ते तुम्ही सांगायचं."

फोनमधून पंख्याची घरघर ऐकू येत राहिली. मग माधवीचा आवाज आला, रडून जड झालेला.

"बाबा, सांगून टाका."

खुशालरावांनी डोळे मिटले. "पनवेलच्या पुढं एक घर आहे. अशाच बायांचं. सिस्टर आहेत तिथं, एक गाडीतई संग होती. सोय चांगली आहे."

"तुमी आईले टाकून आले?" विपुल किंचाळला.

"टाकली नाई!" म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच फुटला. "दीड वर्स तिले आंघोळ म्या घातली. रात्री उठून शेतात जाते, मागं मागं म्या जायचो. एका रात्री विहिरीच्या काठावर भेटली. मले माह्या हातापायाचा भरवसा राहिला नाई, बाबू. तुह्या घरी आणली होती ना दिवाळीत? चौथ्या दिवशी तूच म्हणला, बाबा, पोरं घाबरतात, घेऊन जा."

विपुल खाली बसला.

"मग सांगायचं होतं ना तसं," पौर्णिमा म्हणाली. "हरवली कशाला म्हणालात?"

"गावात कोणाले सांगू? पन्नास वर्सांची बायको नेऊन सोडली म्हणून?" ते तिच्याकडे पाहत होते, पण बोलत होते दुसऱ्याच कोणाशी. "हारवली म्हणलं त लोक रडतील. सोडली म्हणलं त थुंकतील. आन् हा," त्यांनी विपुलकडे बोट केलं, "हा तिले वापस आणीन. चार दिवस रडीन, मंग पुन्हा माह्याच दारात ठेवून जाईन. म्हणून."

"आणि प्रीतम? तो पोलिसांपुढे बसलाय काल दुपारपासून."

त्यांची मान खाली गेली. "त्याले काई होणार नाई असं वाटलं होतं. चूक झाली."

पौर्णिमाने विपुलचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. त्याने पोलिसांना लावला. बोलताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आई सापडली, तो म्हणत होता, सापडली, गाडीवाल्याले सोडून द्या. मग त्याने माधवीला परत फोन लावून पत्ता विचारला आणि तो रडू लागला.

निघताना खुशालराव दारापर्यंत आले. "बोटीवर चार दिवस लई खूश होती, पोरी. रोज सकाळी इचारायची, हे धरण कोणाचं आहे? म्या म्हणायचो, आपलंच." ते उंबऱ्यावर थांबले. "मंग तिकडच्या गाडीत बसवली. माह्या शर्टाचं बटन धरून होती. सोडेचना."

जिला गाडीवाला सोडून जाणार नाही असं पौर्णिमा म्हणाली होती, ती सुखरूप होती. प्रीतम सुटेल. कोडं सुटलं होतं. तरी पायऱ्या उतरताना तिने अवनीचा हात घट्ट धरला.

परतीच्या बसमध्ये अवनीला खिडकी मिळाली. बाहेर वेचणीला आलेला कापूस मैलोन् मैल पांढरा दिसत होता. पोर आईच्या मांडीवर डोकं टेकवून पडून राहिली. झोपली असेल म्हणून पौर्णिमाने तिच्यावर ओढणी घातली.

"आई."

"हं?"

"तू म्हातारी होशील, आणि मी कोण आहे ते तुला आठवणारच नाही, तर मी तुला कुठे ठेवू?"