हजार होईपर्यंत

किक मारून मारून माझा उजवा पाय थरथरायला लागला होता. बसस्टॉपवरचे आठ-दहा लोक माझ्याकडे बघत होते आणि माझी नवीकोरी मोटरसायकल, घेऊन जेमतेम नऊ दिवस झालेली, कडेला ढिम्म उभी होती. शेजारी डॉक्टर होते. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. मी खाली कवळ्या घडवायचे आणि ते वर बसवायचे. त्या संध्याकाळी त्यांना माझ्या मागे बसून घरी जायचं होतं, तोवर ते सल्ले देत होते. बॅटरी गेली असेल, प्लग गेला असेल... शेवटी त्यांच्या मते इंजिनच गेलं.

"कॉक उघडलात का?"

बसच्या रांगेतून आवाज आला. उंच, सडपातळ, नखांत ग्रीस, खांद्याला डब्याची पिशवी. तो रांग सोडून आला, पण गाडीला हात लावला नाही. "पेट्रोलचा. टाकीखाली, डाव्या हाताला," एवढंच म्हणाला.

मी वाकून पाहिलं. कॉक बंद होता आणि बंद मीच केला होता. आईनं त्याच सकाळी बजावलं होतं ना, गॅस कसा रोज आठवणीनं बंद करतो, तसंच हेही करायचं. बंद करायचं लक्षात राहिलं, उघडायचं कोण सांगणार?

कॉक उघडून जरा थांबले आणि पुढच्या किकला गाडी सुरू झाली. मी लाज, लोक, डॉक्टर, सगळं विसरले. तो आवाज पायांतून वर छातीत आला की दर वेळी माझा श्वास क्षणभर थांबायचा. हे माझं आहे? खरंच माझं?

तो मान कलती करून इंजिन ऐकत होता. किती किलोमीटर झाले, त्यानं विचारलं. दोनशे बारा. आणि वेग किती घेतला? "साठ," मी ऐटीत म्हणाले. त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्यालाच लाथ मारली.

"हजार होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही," तो म्हणाला. "आतले भाग नवे आहेत, अजून एकमेकांना ओळखत नाहीत. ओळख होऊ द्यावी लागते. घाई केली तर ओरखडे पडतात, ते कायमचे." मग डॉक्टरांकडे एक नजर टाकून म्हणाला, "आणि हो... तोपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही."

डॉक्टर बसनं गेले. त्याच बसनं, त्याच्याच शेजारी बसून.

पाचशे किलोमीटरला पहिली सर्व्हिसिंग करायला गेले तेव्हा कळलं, तो त्याच वर्कशॉपमधला मेकॅनिक. येणाऱ्या प्रत्येकाला तेच बजावायचा म्हणून तिथं त्याला सगळे 'चाळीस' म्हणायचे. मेकॅनिक असून बसनं का जाता, मी विचारलं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या ऐकतो, तो म्हणाला, संध्याकाळी दुसरं कुणी चालवत असलं की बरं वाटतं.

मी त्याचा नियम पाळला. अगदी व्रतासारखा. आणि चाळीसच्या वेगात मला माझंच गाव नव्यानं दिसलं! कवळ्यांचा डबा मागे बांधून मी लांबलांबच्या दवाखान्यांत जायचे. तलावाच्या बांधावरून जाताना एका बाजूला सगळं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि मधल्या अरुंद रस्त्यावर मी. एकदा तिथं गाडी थांबवून मी चक्क रडले. दुःख कसलंच नव्हतं. आजवर मला कुणीतरी नेत होतं — बाबा, मामा, बस. आता मला कुणी नेत नव्हतं. मी जात होते. एवढीशी गोष्ट, पण मला ती आभाळाएवढी वाटली.

गाडी घेतली तेव्हा बाबा चकार शब्द बोलले नव्हते. पण रोज सकाळी खाली यावं तर टाकी लखलखत असायची आणि बाबांचा जुना बनियन दोरीवर ओला वाळत असायचा. आम्ही दोघांनीही त्याचा विषय कधी काढला नाही.

वर्कशॉपला जायला मला कारणं कमी पडली नाहीत. कधी साखळी सैल, कधी हॉर्न बसलेला.

"आरसा हलतोय जरा," एकदा मी म्हणाले.

"आरसा हलत नाहीये," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही हलवताय."

"मग तुम्ही घट्ट करा ना."

"घट्ट केला तर परवा कशाला याल?"

...आणि मग आम्ही दोघंही आरशाकडेच बघत राहिलो. हजार झाले की पहिल्यांदा तुम्हाला मागे बसवणार, मी सांगून टाकलं. तो हातातला स्वच्छ पाना पुन्हा पुसायला लागला.

मग एके दिवशी त्यानंच सांगितलं. इंजिनं बनतात त्या कारखान्यात त्याची निवड झाली होती. खूप लांब, वर्षभरासाठी. शनिवारी दुपारच्या बसनं निघायचं होतं. मी मीटरकडे पाहिलं. सातशे एकाहत्तर.

त्या चार दिवसांत मी वेड्यासारखी फिरले. शेजारच्यांच्या औषधांपासून मामीच्या शिवणापर्यंत सगळं मी पोहोचवलं. आई म्हणाली, हिच्या पायाला भिंगरी लागली आहे. पण काम सांभाळून, तेही चाळीसनं, किती होणार? शनिवारी बसला तास उरला तेव्हा मीटर नऊशे त्रेसष्टवर होता. सदतीस कमी. थोडी तरी सूट मिळेल म्हणून मी गाडीसोबतचं पुस्तक काढलं. चाळीसचा वेग होता त्यात. मागे बसण्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. दोनदा वाचलं... वॉरंटीच्या पानासकट.

वर्कशॉपमध्ये तो हात धूत होता. पायाशी बॅग होती.

"मागे कुणाला बसवायचं नाही, हे कुठं लिहिलंय?"

तो बोटं पुसत राहिला. "कुठंच नाही."

"मग?"

"त्या दिवशी डॉक्टर बसणार होते ना," तो खाली बघत म्हणाला. "मला बघवलं नाही. तेव्हा तर मी तुम्हाला पाचच मिनिटं ओळखत होतो. नंतर माझ्या लक्षात आलं, मीपण बसू शकत नाही आता. आणि बसमध्ये डॉक्टर बारा स्टॉप हिरड्यांबद्दल बोलत होते."

मला हसू आलं. केवढे दिवस गेले होते आमचे, त्याच्या एका थापेपायी.

"बसा," मी म्हणाले.

बॅग मांडीवर घेऊन तो मागे बसला. त्याला माझ्या खांद्याचा आधार घ्यायचा धीर झाला नाही, त्यानं मागची दांडी धरली. पण माझ्या मागे एक माणूस श्वास घेत होता आणि माझी गाडी आम्हा दोघांना उचलून नेत होती... मला तो रस्ता संपूच नये असं वाटत होतं. स्टँडच्या अलीकडे तो काहीतरी बोलला. अर्धं वाऱ्यानं नेलं. उरलं ते एवढंच — "...आवडतेस."

आवडतेस! आवडता नाही!

मी कचकन ब्रेक दाबला, वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "इंडिकेटर चालू राहिलाय, म्हटलं."

"खोटं."

"माझ्याकडे बघितलंत की मला जमत नाही," तो पुटपुटला.

बसला दहा मिनिटं होती. मी तोंड पुन्हा समोर वळवलं, पहिला गिअर टाकला आणि स्टँडच्या मोकळ्या आवारात गाडी चालत्या माणसाच्या वेगानं गोल फिरवायला लागले. "आता बोल," मी म्हणाले. बोल. माझ्याही तोंडून तेच निघालं होतं.

मग तो बोलला. तू मला आवडतेस. त्या दिवशी रांग सोडली तेव्हापासून आवडतेस. मी वर्षानं येतोय. जाऊ नको म्हणालीस तर जातच नाही. माझ्याशी लग्न करशील?

"जा," मी म्हणाले. "जा आणि ये. हो."

"काय?" तो पुढे वाकला. पहिल्यांदाच त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

"हो!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की बसच्या खिडक्यांतून माणसं वळून बघायला लागली.